शेतातल्या वस्तूचा पत्ता: मेटल डिटेक्टरच्या नोंदींविषयी वाचकांचे प्रश्न

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांकडून मेटल डिटेक्टर घेऊन शेतात जुनी नाणी आणि धातूच्या वस्तू शोधण्याच्या छंदाबद्दल बरीच पत्रं येतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये जमीनमालकाची परवानगी असेल आणि जागा संरक्षित स्मारकाची नसेल, तर हा छंद कायदेशीर आहे. सापडलेल्या वस्तू नोंदवून घेण्यासाठी १९९७ पासून तिथे ‘पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम’ चालते. तिला सगळे पीएएस म्हणतात. तिचे स्थानिक अधिकारी, म्हणजे फाइंड्स लिएझन ऑफिसर, हे एफएलओ. आज पीएएसच्या यादीत पंधरा लाखांहून जास्त वस्तू आहेत आणि त्यांतल्या बहुतेक हौशी मंडळींनीच आणून दाखवलेल्या आहेत.

नाणं कोणत्या राजाचं, हे शंभर वर्षांनंतरही कुणीतरी जाणकार सांगू शकेल. ते कोणत्या शेताच्या कोणत्या कोपऱ्यात पडलं होतं, हे मात्र उचलणाऱ्यालाच माहीत असतं आणि तेही थोडेच दिवस. म्हणून या वेळी नोंदींबद्दलचेच प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न : नुकताच डिटेक्टर घेतला आहे. शेतात उभं राहून नेमकं काय लिहायचं? प्रत्येक वस्तूसाठी वही उघडली तर दिवस लिहिण्यातच जाईल. (लेस्टर)

शेतात तीनच गोष्टी टिपायच्या: पिशवीचा क्रमांक, जागा आणि खोली. बाकी सगळं घरी टेबलावर.

पिशव्यांवर क्रमांक घरूनच घालून न्या. साधारण सहा बाय आठ सेंटिमीटरच्या, दाबून बंद होणाऱ्या आणि लिहायला पांढरी पट्टी असलेल्या तीस पिशव्या एका दिवसाला पुरतात. मोठ्या वस्तूंसाठी वेगळ्या चार-पाच ठेवा. क्रमांक असा हवा की तो आयुष्यात दुसऱ्या कशालाही पडणार नाही. उदाहरणार्थ २५-ख-०१७, म्हणजे २०२५ साल, ‘ख’ नावाचं शेत, सतरावी वस्तू. कोणतं अक्षर कोणत्या शेताचं, ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. एखादी वस्तू नंतर बाटलीचं झाकण निघाली तरी तिचा क्रमांक दुसरीला देऊ नका. रद्द झालेला क्रमांक रद्दच राहू द्या.

वस्तू हाताला लागली की खड्डा बुजवण्याआधी जागा टिपा. बहुतेकांचं इथेच चुकतं. खड्डा बुजवायचा, दहा पावलं पुढे जायचं, पुढचा सिग्नल ऐकायचा आणि मग आठवण होऊन मागे वळून अंदाजाने खूण करायची, असं होतं. फोन कॉइलजवळ, म्हणजे डिटेक्टरच्या जमिनीवरून फिरवायच्या तबकडीजवळ, असला की डिटेक्टर खरखरतो, म्हणून लोक तो पाठीवरच्या सॅकमध्ये टाकतात आणि काढायचा कंटाळा करतात. फोन कॉइलच्या विरुद्ध बाजूच्या छातीच्या खिशात ठेवा किंवा हातातला छोटा जीपीएस पट्ट्याला अडकवा.

खोलीसाठी खुरप्याच्या पात्यावर दहा, वीस आणि तीस सेंटिमीटरला रंगाच्या खुणा करा. नांगरटीच्या रानात वरच्या थरात वस्तू वर्षानुवर्षं उलथीपालथी झालेली असते, त्यामुळे बारा सेंटिमीटर की पंधरा याला फारसा अर्थ नाही. पण नांगराचा तळ ओलांडून, साधारण पंचवीस-तीस सेंटिमीटरखाली, सिग्नल अजून येत असेल तर पुढे खणू नका. तिथे माती हललेली नसते आणि वस्तू ठेवणाऱ्याने जशी ठेवली तशीच असू शकते. कायम गवताच्या कुरणात मात्र प्रत्येक वस्तूची खोली लिहा.

याखेरीज दिवसाला एकच छोटी नोंद करा: तारीख, शेत, रान कसं होतं (ताजी नांगरट, धसकटं, कुरण), ओल किती होती, कोणतं यंत्र, कोणती कॉइल, किती तास फिरलात आणि शेताचा कोणता भाग तुडवला. फोनमधलं चालण्याचा मार्ग जपणारं ॲप सुरू ठेवलं तर हा शेवटचा भाग आपोआप होतो. काहीच न सापडलेल्या दिवसाचीही नोंद करा. नकाशावरचा मोकळा कोपरा खरंच मोकळा आहे की तिथे कुणी गेलंच नाही, हे नाहीतर पुढे कळत नाही.

प्रश्न : माझ्या नोंदी नकाशावर टाकल्या तर निम्म्या शेजारच्या शेतात पडतात. जीपीएस चांगला आहे, मग चूक कुठे? (स्लाउ)

चूक बहुधा तीनपैकी एका ठिकाणी असते.

पहिली शक्यता, सेटिंगची. ब्रिटनमध्ये नोंद राष्ट्रीय ग्रिडवर, म्हणजे देशाच्या नकाशावर आखलेल्या चौकोनांच्या जाळ्यावर, होते: दोन अक्षरं आणि पुढे आकडे. लेस्टरच्या आसपासची अक्षरं एसके आहेत. जीपीएसमध्ये जागेची पद्धत ‘ब्रिटिश ग्रिड’ आणि नकाशाचा आधार ‘ऑर्डनन्स सर्व्हे’ (ब्रिटनची सरकारी नकाशा संस्था) हवा. पद्धत बदलून आधार मात्र जीपीएसचा जगभर चालणारा डब्ल्यूजीएस ८४ हाच ठेवला तर सगळ्या खुणा एकाच दिशेला सुमारे शंभर मीटरने सरकतात. तुमच्या खुणा सगळ्या मिळून एकाच बाजूला सरकल्या असतील तर कारण हेच. तपासायला सोपं आहे: शेताच्या फाटकापाशी किंवा रस्त्याच्या तिठ्यावर उभे राहा, जीपीएसचा आकडा घ्या आणि ऑर्डनन्स सर्व्हेच्या नकाशावरच्या त्याच जागेशी ताडून पाहा. हंगाम सुरू होताना हे एकदा कराच.

दुसरी शक्यता, आकड्यांचा क्रम. आधी पूर्वेकडचे आकडे, मग उत्तरेकडचे. घाईत उलटे लिहिले की खूण काही किलोमीटर दूर जाते, त्यामुळे ही चूक निदान लगेच दिसते.

तिसरी दिसत नाही. समजा जीपीएसने दहा आकडे दिले: एसके ५८१२७ ०४३७६. हा एक मीटरचा चौकोन झाला. आठ आकडी करायचा तर शेवटचा आकडा कापायचा: एसके ५८१२ ०४३७. शाळेतल्या सवयीने ७६ चं ८ केलं आणि ०४३८ लिहिलं, तर तुम्ही पुढच्या चौकोनात गेलात. ग्रिडचा आकडा म्हणजे चौकोनाच्या नैर्ऋत्य कोपऱ्याचं नाव असतं, म्हणून तो कापतात, जवळच्या आकड्यापर्यंत वाढवत नाहीत. आठ आकड्यांत दहा मीटरचा चौकोन मिळतो आणि सहा आकड्यांत (एसके ५८१ ०४३) शंभर मीटरचा. इंग्लंड-वेल्सच्या जबाबदार डिटेक्टिंगच्या आचारसंहितेत किमान आठ आकडे मागितले आहेत. दहा मिळत असतील तर दहाच लिहा. नंतर कापता येतात, वाढवता येत नाहीत.

फोनवर खूण करताना उघड्या आकाशाखाली वीस-तीस सेकंद थांबा. ठिपक्याभोवतीचं निळं वर्तुळ आक्रसलं की मगच टिपा. झाडांच्या रांगेखाली ते वर्तुळ मोठंच राहतं. तेव्हा कुंपणाच्या कोपऱ्यापासूनची पावलं मोजून तीही लिहा. तीन शब्दांत जागा सांगणारी ॲप्स वापरणारे पुष्कळ आहेत, पण त्यात एक अक्षर चुकलं तर जागा दुसऱ्याच देशात जाते आणि शेजारच्या चौकोनांची नावं एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे चूक डोळ्याला कळत नाही. अडीअडचणीला वापरा आणि त्याच संध्याकाळी ग्रिडमध्ये बदलून घ्या.

प्रश्न : पिशवीवर लिहिलेले क्रमांक पुसले जातात. शिवाय वर्षभराने काही नाण्यांवर हिरवी भुकटी आली. धुण्यात चूक झाली का? (मिल्टन कीन्स)

क्रमांक दोनदा लिहा. बाहेर कायम शाईच्या मार्करने आणि आत छोट्या चिठ्ठीवर पेन्सिलीने. मार्कर ओल्या मातीने आणि पिशव्या एकमेकींवर घासून जातो, पेन्सिल ओलीतही टिकते. चिठ्ठी वस्तूला चिकटू नये म्हणून ती वेगळ्या लहान पिशवीत घालून मोठीत ठेवा. साधा कागद भिजला की लगदा होतो. टायव्हेकसारखं न फाटणारं लेबल मिळालं तर उत्तम.

हिरव्या भुकटीसाठी आधी रंग पाहा. गडद हिरवा, गुळगुळीत, घट्ट थर हा तांब्याचा नैसर्गिक मुलामा आहे. अक्षरं त्यातच शिल्लक असतात, तो राखायचा. फिकट हिरवी, पावडरीसारखी, बोटाला लागणारी भुकटी असेल तर ते ‘ब्राँझ डिसीज’. मातीतल्या क्षारांमधलं क्लोराइड आणि हवेतला दमटपणा मिळून धातू आतून खात राहतात. असं नाणं ताबडतोब बाकीच्यांपासून वेगळं करा, हवाबंद पॉलिथीनच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि एफएलओला विचारा. डब्यात दमटपणा दाखवणारी पट्टी ठेवा, आकडा पस्तीस टक्क्यांच्या खाली राहू द्या. जेलच्या दाण्यांचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा वापरता येतात. लोखंडाला याहून कोरडी हवा लागते. पण चामडं किंवा लाकूड चिकटलेली वस्तू वाळवू नका. ती सापडली तशी ओलसर ठेवून लवकरात लवकर दाखवा.

धुण्याबद्दल कडक शब्दांत सांगायला हवं, कारण आपल्याकडे तांब्या-पितळेची भांडी लख्ख करायची सवय हातात असते. चिंच, लिंबू, व्हिनेगर, पितांबरी, ब्रासो यांतलं काहीही जुन्या नाण्याला लावू नका. मुलामा निघाला की त्याच्याबरोबर राजाचा चेहराही निघतो. शेतात अंगठ्याने चोळून पाहणंही तितकंच वाईट, कारण मातीतली वाळू सँडपेपरचं काम करते. चांदी किंवा सोनं असेल तर स्वच्छ पाण्याचे थेंब आणि मऊ ब्रश, तेही माती आपणहून सुटत असेल तरच. तांब्याची वस्तू सावलीत हळूहळू वाळू द्या आणि सुटी माती लाकडी टूथपिकने उचला. संग्रहासाठी ओकच्या लाकडी पेट्या दिसतात छान, पण त्यातून निघणाऱ्या आम्लाने शिशाच्या वस्तू पांढऱ्या पडून झिजतात. पीव्हीसीची पाकिटंही टाळा.

प्रश्न : वर्णन लिहायला बसलं की ‘जुनं चांदीचं नाणं, छान स्थितीत’ याच्यापुढे जात नाही. जाणकार कसं लिहितात? (हॅरो)

क्रम ठरलेला असला की हात आपोआप चालतो. वस्तू काय आहे, कोणत्या धातूची, पूर्ण आहे की तुटकी, मग मापं, मग एकेका बाजूचं वर्णन, शेवटी काळ. तुटलेली असेल तर तूट जुनी की ताजी, तेही लिहा. ताज्या तुटीत धातू चकाकतो. म्हणजे दुसरा तुकडा अजून त्याच शेतात असू शकतो.

एक नमुना देतो. राजा पहिला एडवर्ड याची पेनी इंग्लंडच्या शेतांत पुष्कळ सापडते.

*२५-ख-०१७. चांदीची पेनी, पूर्ण, कडा थोडी कापलेली. व्यास १८.४ मिमी, वजन १.२९ ग्रॅम, अक्ष ६ वाजता. छापा: समोरून मुकुटधारी चेहरा; अक्षरं ईडीडब्ल्यू आर एएनजीएल डीएन[एस] एचवायबी. काटा: कडेपर्यंत पोचणारा लांब क्रूस, चारही कोनांत तीन-तीन ठिपके, अक्षरं सीआयव्हीआयटीएएस एलओएनडीओएन. लंडनची टांकसाळ, १२७९ नंतरची. खोली १५ सेंमी, नांगरट.*

चौकटी कंसातलं अक्षर झिजलेलं आहे, ते अंदाजाने भरलेलं आहे. हा कंस फार महत्त्वाचा. पुस्तकातल्या नाण्यावर जे असतं ते न लिहिता तुमच्या नाण्यावर जे दिसतं तेच लिहायचं, भर घातली तर ती कंसात. अक्ष काढायला छापा सरळ धरा, नाणं पुस्तकाचं पान उलटावं तसं उभ्या अक्षाभोवती फिरवा आणि काट्याच्या बाजूच्या चित्राचं डोकं घड्याळातल्या कोणत्या आकड्याकडे वळलं ते पाहा. ती बाजू नेमकी उलटी दिसली तर सहा.

वजनकाटा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा घ्या. असे खिशात मावणारे काटे स्वस्त मिळतात, फक्त अधूनमधून सोबतच्या वजनाने तपासा. हातोड्याने ठोकून पाडलेल्या जुन्या नाण्यांत वजनावरून कडा किती छाटली ते कळतं: ही पेनी टांकसाळीतून निघताना सुमारे १.४४ ग्रॅमची असे. व्यास मोजायचा कॅलिपर प्लास्टिकचा असेल तर नाण्यावर ओरखडा पडत नाही.

फोटोत प्रत्येक बाजू, शिवाय कडेचा एक. शेजारी मिलिमीटरची पट्टी, वस्तूच्याच उंचीवर. ती खाली टेबलावर असली आणि वस्तू जाड असली तर माप चुकतं. प्रकाश वर-डाव्या बाजूने. पुरातत्त्वात तोच संकेत आहे. उलट्या प्रकाशात उठाव खोलगट दिसू लागतो. फोन अगदी जवळ नेला तर मधला भाग फुगल्यासारखा येतो, म्हणून तीसएक सेंटिमीटर लांबून घ्या आणि कापा. फाइलचं नाव पिशवीच्या क्रमांकानेच सुरू करा. ‘आयएमजी ४५०२’ अशा नावाच्या फोटोंना दोन वर्षांनी काही अर्थ उरत नाही.

प्रश्न : वही, एक्सेल की ॲप? (रेडिंग)

शेतात वही किंवा ॲप, घरी एक्सेल. फक्त ॲपवर राहू नका. ॲप बंद पडतात, फोन बदलतात. जे वापराल त्यातून नोंदी साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये बाहेर काढता येतात ना, हे पहिल्याच दिवशी पाहून घ्या.

एक्सेलमध्ये तीन गोष्टी नोंदी बिघडवतात. रकाना ‘टेक्स्ट’ नसेल तर ०४३७ चं ४३७ होतं आणि जागेचा अर्थच जातो. ग्रिडचे रकाने लिहायच्या आधी टेक्स्ट करा, नंतर करून गेलेलं शून्य परत येत नाही. तारखेत ३/४ हा तीन एप्रिल की चार मार्च, हे संगणक आपल्या मनाने ठरवतो, म्हणून २०२५-०४-०३ असंच लिहा. आणि सगळ्यात घातक, एकच रकाना निवडून क्रमवारी लावणं. क्रमांक हलतात, वर्णनं जागेवर राहतात आणि पूर्ण संग्रहाचे पत्ते क्षणात बदलतात. तक्ता ‘टेबल’ म्हणून बांधून घेतला की हा धोका जातो. रंगांनी अर्थ सांगू नका (पिवळं म्हणजे दाखवलेलं वगैरे). त्यासाठी रकाना करा.

एक ओळ, एक वस्तू. एकाच खड्ड्यातले शिशाचे बारा तुकडे एका ओळीत चालतील, संख्या लिहून. प्रती तीन: संगणकावर, वेगळ्या डिस्कवर आणि घराबाहेर कुठेतरी. हंगामाअखेर छापील प्रत काढून जमीनमालकाला द्या. ‘ट्रेझर’मध्ये (कायद्याने कळवावाच लागणारा मौल्यवान ठेवा; नियम पुढच्या उत्तरात) न मोडणारी वस्तू कायद्याने सहसा त्याचीच असते, वाटणीचा करार लेखी असला तरच तुमचा हिस्सा.

नेमकी जागा एफएलओला द्या, जगाला नको. पीएएसच्या सार्वजनिक पानावर ठिकाण एक किलोमीटरच्या चौकोनाइतकंच दिसतं, कारण रात्री चोरून खणणारे लोक अशी माहिती शोधत असतात. फोनच्या फोटोत मात्र अक्षांश-रेखांश लपलेले असतात. फोटो मूळ फाइल म्हणून कुणाला पाठवला की जागाही गेली. बाहेर दाखवायच्या फोटोंची वेगळी प्रत करून तिच्यातून ठिकाण काढून टाका. मूळ फोटोतलं राहू द्या, तो तुमचाच पुरावा आहे.

प्रश्न : एकाच शेतात चाळीस मीटरच्या अंतरावर चांदीच्या दोन पेन्या सापडल्या. हे ‘ट्रेझर’ होतं का? (कार्डिफ)

१९९६ च्या ट्रेझर ॲक्टनुसार किमान तीनशे वर्षं जुनी, वजनाने किमान दहा टक्के सोनं-चांदी असलेली दोन किंवा जास्त नाणी ‘एकाच ठेव्यातली’ असतील तर ट्रेझर. सोनं-चांदी दहा टक्क्यांहून कमी असेल तर दहा नाणी लागतात. नाणं सोडून इतर वस्तूला तीनशे वर्षं आणि दहा टक्के हा नियम एकटीलाही लागू पडतो. ३० जुलै २०२३ पासून दोनशे वर्षांहून जुन्या, धातूचा अंश असलेल्या अपवादात्मक महत्त्वाच्या वस्तूही यात आल्या.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर पेन्यांपेक्षा त्यांच्या जागांवर अवलंबून आहे. दोन्ही एकाच वेळी ठेवलेल्या आणि नांगराने पांगवलेल्या, की दोनशे वर्षांच्या अंतराने दोघांच्या खिशातून पडलेल्या? दोघींचे दहा आकडी संदर्भ, नांगराची दिशा आणि मधल्या पट्ट्यात आणखी काही निघालं का, हे हातात असेल तर एफएलओ मत देऊ शकतात. त्यामुळे दोन्ही दाखवा. सापडल्यापासून, किंवा ट्रेझर असू शकेल हे लक्षात आल्यापासून, चौदा दिवसांत कॉरोनरला, म्हणजे ट्रेझरची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवावं लागतं, आणि हे एफएलओमार्फत करता येतं. फोनवर बोललात तरी त्याच दिवशी ईमेल पाठवा, म्हणजे तारीख लेखी राहील. न कळवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड आहे. वस्तू हवाली करताना क्रमांकांसह यादी करून पावती घ्या, आणि पीएएसचा नोंद क्रमांक मिळाला की तो तुमच्या तक्त्यात स्वतंत्र रकान्यात भरा.

खणता खणता नाण्यांमागून नाणी यायला लागली तर थांबा. सॉमरसेटमधल्या फ्रोमजवळ एप्रिल २०१० मध्ये सापडलेल्या ठेव्यात ५२,५०३ रोमन नाणी होती, वजन सुमारे १६० किलो. शोधणाऱ्याने मडकं लागल्यावर हात आवरला आणि पुरातत्त्वज्ञांना बोलावलं. त्यांनी मडकं थराथराने रिकामं केलं. तेव्हा दिसलं की सर्वांत अलीकडची, म्हणजे ब्रिटनवर राज्य केलेल्या रोमन सम्राट कॅरॉशियसची, नाणी बहुतांशी वर नव्हे तर निम्म्याहून खालच्या थरात होती. म्हणजे मडकं वर्षानुवर्षं थोडंथोडं भरलेलं नव्हतं, एकाच खेपेत भरलं गेलं. मडकं घरी नेऊन ओतलं असतं तर नाणी तेवढीच मिळाली असती आणि हे कधीच कळलं नसतं.

याच्या उलट २०१५ मध्ये लेम्स्टरजवळचा ठेवा. सुमारे तीनशे नाणी असावीत, शोधणाऱ्यांनी लपवून विकली, तपासात ३१ मिळाली. फोनमधून पुसलेले फोटो पोलिसांनी परत मिळवले आणि २०१९ मध्ये शिक्षा झाल्या. नवव्या शतकातल्या राजा आल्फ्रेडच्या काळातली ती बाकीची बहुतेक नाणी कुठे गेली, हे आजही कोडंच आहे.

स्कॉटलंडचा कायदा निराळा आहे: तिथे वय आणि धातू न बघता पुरातत्त्वाच्या महत्त्वाची प्रत्येक वस्तू कळवायची. उत्तर आयर्लंडमध्ये परवान्याशिवाय पुरातन वस्तूंसाठी खणताच येत नाही.

प्रश्न : शिशाच्या गोळ्या, गंजके खिळे, बकलांचे तुकडे यांचीही नोंद करायची? (नॉटिंगहॅम)

खिळे आणि आधुनिक कचरा यांची फक्त शेतवार संख्या ठेवा. शिशाच्या गोळ्यांची मात्र एकेकीची, व्यास आणि वजनासह. तुमच्या जवळचंच उदाहरण आहे. बॉसवर्थची लढाई १४८५ ची, इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड तिथे मारला गेला. स्मारक केंद्र ॲम्बियन टेकडीवर आहे, म्हणून लढाई तिथलीच असं मानलं जाई. मग पुरातत्त्वज्ञ आणि डिटेक्टरवाल्यांनी मिळून काही वर्षं शेतं पद्धतशीर पट्ट्यांत तुडवली आणि प्रत्येक गोळ्याची जागा नकाशावर घातली. तोफांचे आणि बंदुकांचे तीसहून जास्त शिशाचे गोळे आणि चांदीचा, सोन्याचा मुलामा दिलेला रानडुकराचा छोटा बिल्ला निघाला. रानडुक्कर हे रिचर्डचं चिन्ह. २००९-१० मध्ये जाहीर झालं की रणभूमी केंद्रापासून सुमारे तीन किलोमीटर नैर्ऋत्येला आहे. यातला एकेक गोळा सुटा पाहिला तर कुणी उचलूनही घेणार नाही.

प्रश्न : आमच्या शेतात नांगरताना तांब्याच्या शिवराया निघाल्या. मुलगा आता डिटेक्टर मागवायचं म्हणतो. नोंद कुठे करायची? (वाई)

डिटेक्टरचा विचार आधी बाजूला ठेवा. इंग्लंडसारखी छंदाची मुभा देणारी व्यवस्था आपल्याकडे नाही. १८७८ च्या इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्टप्रमाणे जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं: काय सापडलं, किती किंवा अंदाजे किती किमतीचं, कुठे, कोणत्या तारखेला. वस्तू सरकारी कोषागारात जमा करायची किंवा ती हजर करण्याची हमी द्यायची. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. अर्ज तहसील कार्यालयामार्फत द्या, पोच घ्या, आणि गट क्रमांक, बांधापासूनचं अंतर, खोली आणि प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो जोडा. नाणी चिंचेने घासू नका. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदाही लागू आहे, त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. संरक्षित किल्ले, लेणी, मंदिरं यांच्या आवारात परवान्याशिवाय खणणं गुन्हा आहे, डिटेक्टर घेऊन तिथे जाऊच नये.

प्रश्न : माझे इंग्लिश सासरे ऐंशीच्या पुढे आहेत. तीस वर्षांच्या वस्तू बिस्किटांच्या डब्यांत आहेत, कागदोपत्री काहीच नाही. आता काही करता येईल का? (लीड्स)

करता येईल, आणि त्यांच्याशी बोलता येतं आहे तोवर या महिन्यातच सुरू करा.

आधी काहीही धुऊ नका आणि ‘नाणी इकडे, बटणं तिकडे’ असं वेगळं करू नका. एका डब्यात एकत्र असलेल्या वस्तू बहुधा एका शेताच्या किंवा एका हंगामाच्या असतात, आणि तुमच्याकडे शिल्लक असलेली ती एकमेव नोंद आहे. डबे आहेत तसे क्रमांक घालून फोटो काढा, आतल्या चिंध्या आणि वर्तमानपत्रासकट. वर्तमानपत्रावरची तारीख म्हणजे वस्तू त्यानंतरच गुंडाळली, एवढं तरी ठरतं.

मग त्यांच्यासमोर त्या भागाचा १:२५,००० चा नकाशा पसरा. ‘हे कुठे सापडलं?’ असं विचारलं की माणूस गडबडतो. ‘या शेतावर कोणत्या सालापासून जात होता, गाडी कुठे लावायचा, शेतकरी कोण होता?’ असं विचारलं की एकेक गोष्ट बाहेर येते. बोलणं फोनवर रेकॉर्ड करा. जुन्या डायऱ्या, परवानगीची पत्रं, डिटेक्टरच्या खरेदीच्या पावत्या, क्लबच्या मासिक पत्रकांतले उल्लेख, सगळं त्याच डब्याच्या क्रमांकाखाली ठेवा.

प्रत्येक वस्तूसमोर खात्रीचा एक रकाना करा: ‘शेत नक्की’, ‘फार्म (त्या शेतकऱ्याची सगळी जमीन) नक्की, शेत नाही’, ‘फक्त गाव’, ‘माहीत नाही’. शेत नक्की असेल तर सहा आकडे, फार्म असेल तर चार, गावच असेल तर नुसतं गावाचं नाव. शेताच्या मध्यावर बोट ठेवून दहा आकडे लिहू नका. पुढे कुणी नकाशा केला तर त्या एका ठिपक्यावर तीसएक वस्तू रचलेल्या दिसतील आणि तिथे वस्ती होती असा समज होईल. एफएलओंना असे जुने संग्रह पाहायची सवय असते. आधी फोन करा, सगळे डबे एकदम घेऊन जाऊ नका, एक डबा आणि त्याची यादी घेऊन जा. १९९७ च्या आधी सापडलेल्यांना जुना कायदा लागू असू शकतो, तेव्हा सोन्या-चांदीचं काही असेल तर ते वेगळं न काढता त्याच डब्यात ठेवून पहिल्याच भेटीत सांगा. ‘माहीत नाही’ लिहिलेल्या वस्तू टाकू नका. त्यांना वेगळी पेटी करा आणि तिच्यावरही क्रमांक घाला.